दारात अडकलेले शालीचे टोक

मित्रांनो, मी एक जुनी रबरी पट्टी आहे. नाक मुरडू नका! तुमच्या घरच्या कुकरच्या झाकणात रिंग असते ना, ती माझ्याच नात्यातली. ती वाफ अडवते, मी हवा अडवत असे. एका छोट्या रुग्णविमानाच्या दाराला मी चारी बाजूंनी बसवलेली होते. नऊ वर्षे त्या विमानाने माझ्या भरवशावर आजारी माणसे वाहून नेली, हे मी छातीठोकपणे सांगते.

एका कारखान्यात साच्यातून माझा जन्म झाला. माझी भावंडे कुणी फ्रिजच्या दाराला लागली, कुणी ट्रकच्या काचेला. माझ्या वाट्याला आभाळ आले. तिथे उंचावर हवा फार विरळ असते, म्हणून विमानात सतत हवा भरत राहावे लागते. दार लागले की मी चौकटीला अशी बिलगायचे, की आतली हवा माझ्या बाजूने बाहेर जायचे नावच काढत नसे.

माझी काळजी घेत ते उस्ताद. हँगरमधल्या, म्हणजे विमानाच्या शेडमधल्या, या वयस्क मेकॅनिकना सगळे याच नावाने हाक मारत. दार लावण्याआधी ते दर वेळी माझ्यावरून तळहात फिरवत. वरून सुरुवात, मग डावी बाजू, खालची आणि उजवी. वाळूचा कण लागला तरी पुसून काढत. एकदा विमान चालवणाऱ्या कॅप्टनबाईंनी त्यांना चिडवले, "उस्ताद, विमान आहे हे, म्हैस नव्हे. किती कुरवाळाल?"

"म्हैस निदान लाथ मारून सांगते," उस्ताद म्हणाले. "ही बया बिघडली तरी गप्प बसते."

मला राग आला होता. पण ते म्हणाले त्यात खोटे काय होते?

एका दुपारी आमच्या विमानात एका रंगाऱ्याला आणले. तो परांचीवरून पडला होता. बरगड्या मोडल्या होत्या आणि फुप्फुसाबाहेर, छातीच्या आत हवा अडकली होती. डॉक्टरांनी ती काढायला नळी घातली होती, तरी थोडी उरली होतीच. सोबतच्या सिस्टरनी कॅप्टनबाईंना बजावले, "आतला दाब जमिनीवर असतो तेवढाच ठेवा. दाब उतरला तर ती हवा फुगेल आणि फुप्फुस दाबून टाकेल."

उस्तादांनी हात फिरवायला घेतला. वर झाले, डावीकडे झाले, तेवढ्यात आतून हाक आली, "उस्ताद, स्ट्रेचर अडकलंय, जरा या ना!" ते धावले आणि स्ट्रेचर बसवून आले. इतक्यात रंगाऱ्याची थोरली बहीण दारालगतच्या खुर्चीत येऊन बसली. आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवले होते. तिच्या शालीचे टोक उंबऱ्यावर लोळत होते. हात फिरवून झाला आहे, अशा समजुतीत उस्तादांनी दार लावले. दार बंद झाल्याचा दिवाही लागला.

माझ्या उजव्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात लोकरीची घडी चेमटली. मला कळले, पण सांगू कुणाला?

विमान वर गेले तशी त्या घडीतून हवा निसटू लागली आणि बारीक शीळ वाजू लागली. कॅप्टनबाईंनी काटा पाहिला. आत जास्त हवा सोडून पाहिली, तरी दाब टिकेना. त्यांनी मास्क चढवला. "सिस्टर, दाब उतरतोय. पेशंट कसा आहे?"

"श्वास लागलाय. लवकर खाली न्या!"

"समोर डोंगर आहेत. वळून नदीच्या अंगाने खालून जाते. पंधरा मिनिटं जास्त लागतील."

"पंधरा मिनिटं मी सांभाळते. तुम्ही खाली चला."

शिळेच्या आवाजाने ताईने खाली पाहिले. आपली शाल दिसताच तिने ती ओढायला हात घातला.

"ताई, हात लावू नका!" सिस्टर ओरडल्या. "ओढलीत तर भोक वाढेल."

"अहो, माझ्यामुळेच हे..."

"ते उतरल्यावर बघू. आत्ता याचा हात धरा आणि याच्याशी बोला."

ताईने हात धरला. "बाळ्या, डोळे मिटू नकोस. लोकांची घरं रंगवतोस आणि आपली भिंत कधीची अर्धी ठेवलीस. ती कोण करणार?"

सिस्टरनी ऑक्सिजन वाढवला. पांघरुणाखाली हात घातला, तर छातीतली नळी दुमडलेली! ती सरळ होताच बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे उठू लागले. अडकलेली हवा बाहेर पडत होती. मीही उरलेल्या बाजूंनी तसूभर हलले नाही. विमान खाली आले, शीळ बारीक होत थांबली आणि रंगाऱ्याचा श्वास संथ झाला. उतरल्यावर रुग्णवाहिकेत चढवताना तो पुटपुटला, "ताई, भिंत पिवळीच करू."

ताई रडतच त्याच्यामागून रुग्णवाहिकेत चढली.

विमान परत आले, तेव्हा उस्तादांनी माझ्यावर तळहात ठेवला. उजव्या कोपऱ्यातल्या खोलगट वळापाशी तो थांबला.

"शाल त्या ताईंची होती," कॅप्टनबाई हळूच म्हणाल्या.

"शाल कुणाची का असेना. हात माझा होता," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी आपली चूक स्वतःच वहीत लिहून ठेवली.

वळ पडलेली पट्टी विमानाला चालत नाही. आता मी हँगरमधल्या खुंटीवर असते. वाईट वाटते, पण दार समोरच दिसते. तीन महिन्यांनी रंगारी ताईला घेऊन आला, स्वतःच्या पायांनी चालत! कॅप्टनबाईंना विचारून त्याने उस्तादांचा तळहात दाराच्या चौकटीवर वरच्या बाजूला, जिथून हात फिरवायची सुरुवात होते तिथे टेकवला, भोवती पेन्सिल फिरवली आणि आत रंग भरला. पिवळा. घरची भिंत रंगवून उरलेला.

म्हणून मित्रांनो, माझे एवढे ऐका. काम चालू असताना कुणी हाक मारली तर जरूर जा. पण परत आलात की राहिले होते तिथून नाही, त्या पिवळ्या पंजापासून पुन्हा सुरुवात करा.