दाराकडची कूस

मी लोखंडी खाट बोलतेय, दवाखान्यातली. माझ्याजवळ यायला माणसं बिचकतात, हे मला ठाऊक आहे. पण आज मला आजारपणाचं काही सांगायचं नाही. दीपा सिस्टरचं सांगायचंय.

माझा जन्म नगरच्या एमआयडीसीतला. वेल्डिंगच्या ठिणग्यांत माझे पाय जोडले, पांढरा रंग दिला, डोक्याकडची बाजू वर करायला पायथ्याशी हँडल बसवलं आणि मी शहरातल्या एका दवाखान्यात, पुरुषांच्या वॉर्डात येऊन उभी राहिले.

दीपा तेव्हा नवीनच नोकरीला लागलेली. तिच्या हातांना कधी घाई नसायची. पेशंटची नुसती कूस बदलायची असली तरी आधी त्याच्या खांद्यावर हात ठेवायची. “सूर्यभानबाबा, आता डाव्या कुशीवर घेते हं.” बाबांना नीट ऐकू यायचं नाही. तरी ती सांगायची, आणि बाबा तेवढ्यापुरते अंग सैल सोडायचे. मला त्यांच्या वजनावरूनच ते कळायचं.

अशी कितीतरी माणसं तिनं माझ्यावर वळवली, उचलली, बसवली. शेवटी तिची कंबरच गेली. डॉक्टरांनी उचलाउचल बंद करायला सांगितलं आणि तिला औषधांच्या स्टोअरमध्ये खुर्ची मिळाली. जेवणाच्या सुट्टीत ती वॉर्डात यायची आणि उगाच माझ्या चादरीचे कोपरे सारखे करत राहायची.

त्याच सुमारास तिसगावात एका संस्थेनं वर्ग सुरू केला. आजारी माणसांची, म्हाताऱ्यांची सेवा कशी करायची ते गावातल्या पोरींना शिकवायचं. त्यांनी दीपाला विचारलं. तिचा नवरा प्रशांत तिला न्यायला आला होता. माझ्याशेजारी उभं राहूनच दोघांचं बोलणं झालं.

“मला शिकवता नाही येणार हो. मला फक्त करता येतं.”

“मग करून दाखव. पोरी बघतील.”

दवाखान्यात तेव्हा बटणावर वरखाली होणाऱ्या नव्या खाटा आल्या होत्या. आम्हा जुन्यांना भंगारात काढणार होते. दीपानं साहेबांना विचारून मला मागून घेतलं आणि मी टेम्पोत बसून तिसगावला निघाले. करंजी घाटात माझी सगळी हाडं खिळखिळी झाली, पण मी खुशीत होते.

तिथे मात्र सगळं अवघडच झालं. पोरी “मॅडम, मॅडम” हाक मारायच्या आणि दीपाच्या ते लक्षातच यायचं नाही. सिस्टर म्हटलं की वळून बघायची सवय! फळ्यावर व्याख्या लिहिताना तिचा आवाज बारीक व्हायचा. पोरी पेंगायच्या. एक दिवस निकिता नावाची पोरगी सरळ उठून म्हणाली, “मॅडम, माझी आजी घरी पडूनच हाय. हे सगळं आमी रोज करतोच की. ह्यात शिकायचं काय?”

दीपानं फळा पुसून टाकला. वर्ग सुटल्यावर ती माझ्या कडेला बसली आणि तिनं दवाखान्यात फोन लावला. स्टोअरमधली जागा अजून रिकामी होती. “एक तारखेपासून येते,” असं म्हणून तिनं फोन ठेवला. मी बिचारी काय करणार? करकरले फक्त.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली, चपला काढल्या आणि सरळ माझ्यावर आडवी झाली.

“मला अर्धांगवायू झालाय. बोलता येत नाही. निकिता, मला पाणी पाज.”

पोरी हसल्या. निकितानं तशाच आडव्या पडलेल्या दीपाच्या तोंडात पाणी ओतलं. दीपाला खरोखरच ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं, चेहरा लालबुंद झाला. हसणं थांबलं. दीपा उठून बसली, श्वास सावरला आणि मग हँडल फिरवून माझी डोक्याची बाजू कशी वर घ्यायची ते तिनं दाखवलं.

“आता तू झोप,” ती निकिताला म्हणाली. “आणि तुम्ही तिची कूस बदला.”

चौघी पोरी पुढे आल्या. कुणी खांदा ओढला, कुणी पाय. ओढता ओढता त्यांच्या बाजाराच्या गप्पा चालूच होत्या. निकिता माझ्यावर आक्रसून गेली. उठली तेव्हा रडत होती.

“तुमी माझ्या अंगावरनंच बोलत हुत्या. मी हितं हाय का न्हाई, तेच मला कळंना.” मग ती हळूच म्हणाली, “मॅडम, राहीआजीला बी आमी असंच वळवतो.”

त्या संध्याकाळी दीपा निकिताच्या घरी गेली. तिथलं सगळं निकितानं दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, म्हणून मला कळलं. एकाच कुशीवर पडून आजीच्या खुब्याला जखम झाली होती. दीपाचे हात पुढे गेले. पण कंबर आठवली आणि तिनं ते मागे बांधून घेतले. नुसती शेजारी उभी राहून सांगत गेली. जखम डॉक्टरांना दाखवायला लावली. कूस बदलली ती निकितानं. आधी खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, “आजी, कुठल्या कुशीला घिऊ?”

“दाराकडं,” आजी म्हणाली.

“किती दिस झालं, भिताडाकडंच तोंड करून ठिवलं हुतं आमी तिला,” निकिता वर्गाला सांगत होती. “तसं वळवायला सोपं पडतंय म्हनून. तिला कवा इचारलंच न्हाई. आता दारातून शेळ्या दिसत्यात तिला. येनाऱ्याजानाऱ्याला हाका मारती.”

दीपा तशीच उठून बाहेर गेली, दवाखान्यात फोन लावला आणि म्हणाली, “साहेब, माफ करा, मला नाही यायला जमणार. माझ्या पोरी अजून शिकायच्यात.”

माझ्या पोरी! मी खिडकीतून नीट ऐकलं.

राहीआजीची जखम भरत आली आहे, असं निकिता सांगते. माझा मात्र रंग उडालाय, एक पाय आखूड झालाय. त्याखाली पोरींनी पुठ्ठा सारलाय. दवाखान्यात माझ्यावर दुखणी झोपायची. इथे धडधाकट पोरी झोपतात, आणि उठल्यावर दुसरीला वळवताना आधी खांद्यावर हात ठेवतात. तिसगावच्या बाजाराला आलात तर तुम्हीही या. घटकाभर माझ्यावर पडा, दुसऱ्याच्या हाती अंग सोपवून बघा. मग घरी जा, आणि तुमच्या घरात जे कुणी अंथरुणावर असेल, त्याच्याजवळ जरा बसा.

चला, पोरी आल्या. आज डोकं धुवायला शिकायचंय. मी भिजणार आहे.