कपाटावरचा राखणदार

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. छोट्याशा दवाखान्यातल्या लोखंडी कपाटावर, पाण्याच्या फिल्टरशेजारी माझं बिऱ्हाड. काम दारावरच्या राखणदाराचं. रुग्णांचे अहवाल माझ्या पाठीशी ठेवलेले असत आणि दुसऱ्या गावचे मोठे डॉक्टर ते माझ्यामार्फत उघडून पाहत.

मला घडवलं संगणकवाल्या ताईंनी. दोन दिवस स्टुलावर बसून त्यांनी मला शिकवलं: आत कोणाला सोडायचं, कोणी नुसतं वाचायचं, कोणी लिहायचं. वाटेत कोणी डोकावू नये म्हणून प्रत्येक कागद कुलूपबंद पाठवायचा. शेवटची ओळ होती, ‘बाकी सगळ्यांना मनाई’. त्या ओळीचा मला फार अभिमान होता.

एका दुपारी मोठ्या डॉक्टरांचा पासवर्ड काही केल्या चालेना. समोर रुग्ण खोळंबलेला. तुमचा राखणदार घरच्यांनाच हाकलतो, असं ते फोनवर तापून बोलले. ताईंनी घाईघाईने शेवटची ओळ ‘सगळ्यांना परवानगी’ अशी केली आणि माझ्या कपाळावर पिवळी चिठ्ठी डकवली: ‘उद्या बंद करणे’. चिठ्ठी दिसली की काम करायचं, ही त्यांची रीतच होती.

सकाळी झाडलोटीच्या मावशींनी मला पुसलं आणि चिठ्ठी गळून पडली. लिहिलेला कागद मावशी कधी टाकत नसत. त्यांनी ती खणात नीट ठेवून दिली.

सात महिने मी सताड उघडा होतो. आलेल्या प्रत्येक अनोळख्याची नोंद मी इमानाने केली, आणि तितक्याच इमानाने त्याला आत सोडलं. ती नोंद कोणी वाचली नाही.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या छातीत वाईट गाठ निघाली. आईचं डोळ्यांचं ऑपरेशन होऊ दे, मग मीच तिला सांगेन, असं त्या म्हणाल्या होत्या. पण खालच्या दुकानातल्या एका रिकामटेकड्याने त्यांचा अहवाल माझ्यातून उघडला, ओळखीचं नाव पाहून चार जणांना सांगितलं. संध्याकाळच्या आत आईला फोन गेला.

बाई दवाखान्यात आल्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “ते ऐकताना तिचा हात माझ्या हातात हवा होता हो.”

ताईंनी ओळ बदलली. अर्धं मिनिट लागलं. मग मावशींनी खण उघडला.

“ताई, ही तुमची चिठ्ठी. जपून ठेवली होती मी.”

ताईंनी मावशींचा हात तेवढा धरला.

चिठ्ठी पडली खरी, मित्रांनो, पण ती ओळ तर माझ्या पोटातच होती. आता बाई तपासणीला आईला घेऊन येतात. शेजारच्या फिल्टरमधून आईला पेला भरून देताना त्या माझ्याकडे पाहतही नाहीत, तरी माझा लुकलुकता दिवा झाकून घ्यावासा वाटतो. देव मला क्षमा करो. तुम्ही मात्र क्षणभरासाठी दार उघडलंत, तर चिठ्ठी लावून निघून जाऊ नका. ते लागेपर्यंत तिथेच उभे राहा.