हलकी केलेली सायकल

सायकल हलकी करायला तीन तास पुरतात. मागच्या चाकाचं अठरा दातांचं फ्रीव्हील काढून बावीस दातांचं बसवायचं म्हणजे पायडल हलका जातो, चाकांतले छर्रे रॉकेलमध्ये धुऊन नव्या ग्रीसमध्ये घालायचे, जाड टायर उतरवून पातळ चढवायचे. गिऱ्हाइकाचं काम असतं तर मी एकेक गोष्ट मोठ्यानं सांगून भाव खाल्ला असता. पण सायकल खांब्याची होती, म्हणून शुक्रवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी हे सगळं चोरून केलं. शेवटी नव्या भागांवर जुनी धूळ आणि तेलाची काजळी फासली, त्याला संशय येऊ नये म्हणून. आपण फार हुशार आहोत असं मला वाटलं.

खांब्या वीज कंपनीत लाइनमन. तीस वर्षं खांबांवर चढण्यात गेली, म्हणून हे नाव. आधी तो माझा मित्र होता, मग त्यानं माझ्या धाकट्या बहिणीशी लग्न केलं. त्यामुळे मित्र म्हणून शिव्या घालायच्या की मेहुणा म्हणून मान ठेवायचा असा पेच पडला, आणि मी शिव्यांच्या बाजूनं निकाल दिला. तोही कमी नव्हता. घरात सगळं ठीक असलं की ती ‘माझी बायको’ आणि काही बिनसलं की ‘तुझी बहीण’.

सहा महिन्यांपूर्वी खांबावरच त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पट्टा होता म्हणून वाचला. हृदयाची एक झडप आवळत चालली आहे असं निघालं. कंपनीनं त्याला खाली उतरवून तक्रारींच्या टेबलावर बसवलं. घरचे दोन जिने चढताना तो तीनदा थांबायचा आणि थांबलं की चपलेचा पट्टा नीट करतोय असं दाखवायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ऑपरेशन केलं तर दहातले सहा उठतात, नाही केलं तर वर्ष निघणं कठीण. बहिणीनं त्यातले सहा ऐकले, त्यानं चार ऐकले. कशीबशी मंगळवारी दाखल व्हायची तारीख मिळाली होती आणि तो ‘बघू’ म्हणत होता.

मंगळवारच्या आधी जोडून तीन सुट्ट्या आल्या. अशा सुट्ट्यांत आम्ही दोघं बावीस वर्षं दलदलीच्या भागात सायकली नेत आलो होतो. यंदाही जाणारच म्हणून तो हटून बसला. बहीण दुकानात आली ती थेट माझ्या स्टुलावरच बसली.

“दादा, हे एकटेसुद्धा जातील. तू बरोबर जा. हळू ने. आणि मंगळवारचं हो म्हणवूनच परत आण.”

“मी सांगून ऐकायला तो काय माझं पोर आहे?”

“तुझंच ऐकतील. दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत.”

म्हणून मी सायकल हलकी केली. त्याच्या छातीवर ताण पडू नये एवढाच हेतू होता. सांगून केली असती तर त्यानं हातही लावू दिला नसता.

शनिवारी सकाळी आम्ही बांधावर पोचलो. बांध म्हणजे दलदलीतून गेलेला मातीचा उंच रस्ता, जेमतेम एक गाडी जाईल एवढा. दोन्ही अंगांना काळं पाणी, त्यावर शेवाळाची साय, आणि नजर जाईल तिथवर माणसापेक्षा उंच लव्हाळे. कुजल्या पानांचा वास नाकात बसला की तीन दिवस निघत नाही. बावीस वर्षांत मला ही जागा कधी आवडली नाही. डास चावतात, सावली नाही, चहा नाही. खांब्याला मात्र आवडायची, कारण इथे कुणी तक्रार करायला नसतं.

त्यानं पहिला पायडल मारला आणि भुवया उंचावल्या. दहा मिनिटांत तो माझ्या पुढे होता.

आता दुसरी चोरी सांगतो. मी पुढे गेलो तर तो ईर्ष्येनं छाती फोडून घेईल, हे मला माहीत होतं. म्हणून माझ्या मागच्या ब्रेकचं रबर मी रिमला टेकवून ठेवलं होतं. सायकल माझी, अडकवलेली मीच, आणि ती ओढता ओढता माझ्या नाकी नऊ आले. खोटं दमायची वेळच आली नाही.

वाटेत पाणी सोडायच्या दारांवरून जाणारा एक पूल आहे. त्याचा चढ शंभरेक पावलांचा, पण उभा. मी खाली उतरून ढकलायला लागलो. खांब्या सीटवरून न उठता वर गेला. वर पोचून त्यानं एक पाय टेकला, छातीवर हात ठेवला, थोडा वेळ थांबला.

“मिस्त्री!” तो ओरडला. “अरे, म्हातारा झालास की!”

तो हसत होता. सहा महिन्यांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. त्या वेळी मला जो आनंद झाला तो खरा होता, हे मी आजही कुणालाही सांगेन.

मुक्काम नेहमीच्याच जागी, जाळी विणणाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत. दोन लोखंडी खाटा, एक बादली, खिडकीला डासांची फाटकी जाळी. ज्याचा धंदाच जाळ्यांचा त्याच्या खिडकीची जाळी फाटकी, यावरून आम्ही दर वर्षी त्याला छळायचो. त्या संध्याकाळी खांब्यानं त्याला इतकं छळलं की तो उठून खरोखर जाळी शिवायला बसला. खांब्या पोटभर जेवला आणि जिना न थांबता चढला. तो जिना बारा पायऱ्यांचाच आहे, पण चढला.

रविवारीही तसंच. “पाय बघ कसे गरगर फिरतायत,” तो म्हणायचा. फिरणारच. चार दात जास्त लावले होते. पण खरं सांगायचं तर दुपारपर्यंत माझाही विश्वास बसायला लागला होता. दात मी स्वतः मोजले होते, तरीही.

चार वाजता आम्ही बांधाच्या कडेला पाव खात बसलो होतो. त्यानं बोटं मनगटावर ठेवून नाडी पाहिली, आणि सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसा म्हणाला, “उद्या सकाळी हॉस्पिटलला फोन करतो. मंगळवार रद्द.”

“काय?”

“अरे, दोन दिवस तुला मागे टाकतोय मी. तुला! ज्याचं आख्खं आयुष्य सायकलीवर गेलं त्याला. शरीर आपलं आपण भरून काढतंय. डॉक्टर मशीनवर बघतात, मी चढावर बघितलं. मी उगाच छाती कापून घेऊ का?”

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. घशाशी आलेलं मी पावाबरोबर गिळलं. तो इतका खूश होता, आणि मी भित्रा आहे. दुसरं कारण शोधत बसण्यात अर्थ नाही. त्या संध्याकाळी त्यानं बहिणीला फोनवर सांगितलं, “तुझ्या दादाला धाप लागते गं, त्यालाच दाखवायला हवं.” पलीकडून तिचं हसू मला ऐकू आलं. मंगळवारबद्दल तो तिला एक अक्षर बोलला नाही.

सोमवारी परतताना पुलाच्या अलीकडे तो थांबला. नऊ वाजले होते, सुट्टी असली तरी हॉस्पिटलचं ऑफिस उघडलं असणार. त्यानं खिशातून फोन काढला.

“थांब,” मी म्हटलं. “तुझी सायकल मी हलकी केलीय.”

सगळं सांगितलं. फ्रीव्हील, छर्रे, टायर, वर फासलेली धूळ, माझा ब्रेक. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“तुझ्या बहिणीनं पढवून पाठवलंय तुला.”

“दात मोज.”

“मोजून काय कळणार मला? आधी किती होते ते मला कुठे माहीत आहे? गेली बावीस वर्षं तूच बघतोयस ही सायकल.” त्याचा आवाज चढला. “मी बरा होतोय हे तुम्हा दोघांना बघवत नाही का रे?”

मग माझंही डोकं फिरलं. मी माझी सायकल उलटी केली, त्याच्यासमोर ब्रेकचं रबर मागे घेतलं, चाक फिरवून दाखवलं. कुठेही न घासता ते फिरत राहिलं.

“यात अठराच दात आहेत, तुझ्या सायकलीला आधी होते तेवढेच. घे. चढ पुलावर.”

हे मी का म्हटलं? रागाच्या भरात म्हटलं. त्याच्या छातीची काळजी म्हणून जे सगळं केलं, ते एका वाक्यात मातीत घातलं. त्यानं माझ्या हातातून सायकल ओढून घेतली.

पहिली वीस-पंचवीस पावलं तो नीट गेला. मग सीटवरून उठला. मग सायकल डावी-उजवी डुलायला लागली. निम्म्या चढावर त्याचे पाय थांबले आणि तो सायकलीसकट कठड्यावर कलला. मी धावलो. त्याचे ओठ निळसर झाले होते, कपाळावर गार घाम होता. मी त्याला खाली बसवलं, शर्टाची बटणं सोडली. बराच वेळ तो दारांतून पडणाऱ्या पाण्याकडे बघत श्वास गोळा करत राहिला. मी तीनदा माफी मागितली.

श्वास जरा सावरल्यावर मी त्याची सायकल त्याच्यापुढे आणली.

“ही घे. हिच्यावर जमेल तुला. हळूहळू जाऊ.”

“नको. चालतो.”

“पक्का रस्ता अजून साडेतीन किलोमीटरवर आहे. नाही तर इथेच बस, मी गाडी घेऊन येतो.”

“चालतो म्हटलं ना.”

दोन्ही सायकली मी ढकलायला घेतल्या. बांधाच्या कडेला विजेचे खांब होते, तो एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत चालायचा आणि त्याला पाठ टेकून उभा राहायचा. चपलेचा पट्टा नीट करायचं नाटक आता त्यानं सोडलं होतं. दमला की दमला. एका खांबाशी तो खालीच बसला आणि म्हणाला, “तिला फोन लाव. सांग, मंगळवारी येतो म्हणून.”

मी लावला आणि निरोप सांगितला. फोन कानाशी असताना बहीण रडायलाच लागली. “दादा, मला माहीत होतं तूच करशील हे. तू होतास म्हणून झालं रे. दहातले सहा म्हणजे खूप असतात ना? सांग ना.”

“खूप असतात,” मी म्हटलं.

खांब्या ऐकत होता. मी फोन ठेवल्यावर त्यानं उठायला हात पुढे केला, मी त्याला उभं केलं. हात त्यानं सोडला नाही.

“तू येऊ नकोस मंगळवारी.”

“वेड लागलंय का? मी नाही तर कोण येणार? ती एकटी काय काय बघेल?”

“ती बघेल. तू नको.” तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. “तू जवळ असलास की मला बरं वाटतं मिस्त्री. आणि ते खरंच बरं वाटतंय की नाही, हे मला आता कळणार नाही.”

त्यानं हात सोडला आणि पुढच्या खांबाकडे चालायला लागला.