नमुना क्रमांक एकतीस

तो तक्ता आमच्या प्रयोगशाळेत आला तेव्हा त्याच्याबरोबर चार खिळेही आले होते. वरून आलेल्या वस्तूबरोबर खिळे येण्याची ती पहिलीच वेळ, म्हणून माझ्या लक्षात राहिलं. साहेबांनी स्वतः उभं राहून तो व्हरांड्याच्या भिंतीवर ठोकून घेतला. देशाच्या शेतीत कोणी काय करायचं ते त्यावर तीन रकान्यांत छापलं होतं. सरकारने धोरण ठरवायचं, तपासणी करायची, प्रमाणपत्र द्यायचं. खासगी कंपन्यांनी बियाणं तयार करायचं, साठवायचं, पोहोचवायचं. शेतकऱ्यांच्या रकान्यात एकच ओळ होती : लाभ घेणे. तिच्याखाली वीतभर पांढरी जागा.

मी त्या प्रयोगशाळेत दाणे मोजत असे. प्रत्येक नमुन्यातले चारशे दाणे ओल्या कागदांवर मांडायचे, कागदांच्या गुंडाळ्या करून उबदार कपाटात ठेवायच्या, आणि ठरलेल्या दिवशी किती उगवले ते मोजायचं. एकदा मोजलेलं मला कधी खरं वाटत नसे, म्हणून मी पुन्हा मोजायचो. त्यामुळे सगळे मला फेरमोजणी म्हणत. तोंडावरसुद्धा.

तक्ता लागला त्याच आठवड्यात मावशी आल्या. त्या नक्की कोणाच्या मावशी हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. चाळीस घरांचा एक बियाणे गट होता, त्याच्या त्या प्रमुख, आणि शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणत. हातात कापडी पिशवी, पिशवीत घेवडा. हे चाळीस घरांचं बियाणं कित्येक वर्षं आमच्या खात्यामार्फत कोरडवाहू भागात जात होतं. आता पुढच्या हंगामासाठी नवी यादी होणार होती. तपासणीत ज्यांचे ऐंशी टक्के दाणे उगवतील त्यांचंच नाव यादीत, आणि यादी दहाव्या दिवशी बंद. नाव यादीतून राहून गेलं तर मावशींचा घेवडा भाजीसाठी विकता आला असता, बियाणं म्हणून नाही. पुढच्या पेरणीला चाळीस घरांना कंपनीच्या दारात उभं राहावं लागलं असतं.

"मावशी, आम्ही नमुना बियाणं तयार करणाऱ्यांकडून घेतो," साहेब म्हणाले. "तुम्ही शेतकरी."

"मग बियाणं काय आभाळातून पडतं?"

"तो तक्ता बघा ना. कामं वाटून दिलीयत."

मावशींनी चष्मा चढवला आणि तक्ता वाचला. सावकाश, ओठ हलवत. "वाटणीला आमच्यातलं कोणी बसलं होतं का हो?" त्यांनी विचारलं. "नाही, आमच्या ताटात नुसतं 'घेणे' वाढलंय म्हणून म्हटलं. या कंपनीच्या घेवड्याचं माहेर आमच्याकडे आहे. अकरा वर्षांपूर्वी तुमच्याच खात्याने आमच्याकडून पोतं नेलं आणि त्यांना दिलं. दिलं ते बरंच केलं, आमची तक्रार नाही. पण पोरगी सासरी गेली म्हणून आईचं नाव खोडतात का?"

कंपनीचा प्रतिनिधी आपला नमुना घेऊन तिथेच उभा होता. तरणाबांड माणूस, भर उन्हाळ्यात गळ्याला टाय, म्हणून आम्ही त्याला टायवाला म्हणायचो. त्याने हे नाकारलं नाही.

मी खाकरलो. "साहेब, नियम चौदा," मी म्हणालो. "कोणीही नागरिक नमुना देऊ शकतो. तो नियम अजून रद्द झालेला नाही."

"तुम्हाला कोणी विचारलं, फेरमोजणी?"

"नाही साहेब."

मला नियम पाठ होता, तरी मी आत जाऊन पुस्तक उघडून पाहिलं. चौदाच होता. पुस्तक मी तसंच उघडं साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी ते मिटलं. पण मावशींची पिशवी ठेवून घेतली.

नमुना कोणाचा हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी शिस्त. खिडकीवरच्या बाई नमुन्याला क्रमांक देत, देणाऱ्याचं नाव पाकिटात घालत आणि पाकिटाला लाख लावत. निकालावर सही झाली की मगच पाकीट फोडायचं. माझ्याकडे आले ते एकतीस आणि बत्तीस. दोन्हींचा दाणा सारखा, रंग सारखा, डोळ्यावरचा तांबूस ठिपकाही सारखा. एकाच आईची लेकरं. मी भिंग लावूनही ओळखू शकलो नसतो, आणि मी भिंग लावलं नाही.

मावशी रोज दुपारी येऊन तक्त्याखालच्या बाकावर बसत.

"रोज कशाला हेलपाटे घालता?" मी एकदा विचारलं. "तुम्ही नाही आलात म्हणून दाणे उगवायचे थांबणार नाहीत."

"दाण्यांवर भरवसा आहे हो," त्या म्हणाल्या. "भिंतींवर नाही."

आठव्या दिवशी साहेब माझ्या टेबलाशी आले. एरवी ते मला बोलावून घेत. "उद्या शेवटची मोजणी," ते हळू आवाजात म्हणाले. "ती दोन पाकिटं आजच फोडा. मावशींचा कुठला तेवढं सांगा."

"कशाला साहेब?"

"अहो, कंपनीचा कमी निघाला तर मी वर काय तोंड दाखवू? तक्ता देशभर लागलाय. मावशींच्या नमुन्याला बुरशी आली, पुन्हा द्या, असं लिहू. पुढच्या वर्षी बघू त्यांचं."

बाहेर बाकावर मावशींची पाठ दिसत होती. बायको म्हणायची, तुम्हाला 'नाही' म्हणायचं असलं की आधी माफी मागता. तिचं खरं होतं.

"माफ करा साहेब," मी म्हणालो. "सही झाल्याशिवाय पाकीट फुटत नाही."

"मी हुकूम देतोय."

"मग लेखी द्या."

साहेबांनी माझ्याच टेबलावरचा कागद ओढला. पेनाचं टोपण काढलं. थोडा वेळ कागदाकडे पाहिलं आणि टोपण परत लावलं. "तीन महिन्यांनी निवृत्त होताय. जाता जाता हे शहाणपण सुचलं?"

"हो साहेब. तसा उशीरच झाला."

टायवाला केव्हापासून दारात उभा होता कोण जाणे. "साहेब, पाकिटं राहू द्या," तो म्हणाला. "आज माझ्यासाठी मावशींचं फोडाल, उद्या दुसऱ्या कंपनीसाठी माझं फोडाल. मग या प्रमाणपत्राला विचारतंय कोण?"

तो मला त्याआधी आवडत नव्हता, नंतरही फारसा आवडला नाही. पण बोलला ते बरोबर होतं. साहेब निघून गेले.

नवव्या दिवशी मी दार उघडं ठेवून मोजलं. मावशी, टायवाला, खिडकीवरच्या बाई, साहेब, सगळे उभे. गुंडाळी उलगडायची, मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलं रोप चिमट्याने उजवीकडे, कुजलेला किंवा वांझ दाणा डावीकडे. एकतीसची तीनशे बावन्न रोपं भरली. बत्तीसची तीनशे चौसष्ट. मी पुन्हा मोजली. कोणी हसलं नाही. म्हणजे अठ्ठ्याऐंशी टक्के आणि एक्क्याण्णव टक्के. मी दोन्ही निकालांवर सही केली आणि मग लाख फोडली.

एकतीस मावशींचा होता.

"बघा," साहेबांचा चेहरा खुलला. "कंपनीचा तीन टक्के जास्त. काळजीचं काही कारणच नव्हतं."

"त्यांचा जास्तच यायला हवा," मावशी म्हणाल्या. "त्यांच्याकडे थंड कोठार आहे, आमच्याकडे माळा. पण मी काय पहिला नंबर काढायला आले होते? हवे होते ऐंशी. आलेत अठ्ठ्याऐंशी. यादीत नाव घाला."

आता नाव न घालायला कारण उरलं नव्हतं. साहेबांनी घातलं. प्रमाणपत्राचा कागद मावशींनी दोनदा वाचला, घडी करून पिशवीत ठेवला आणि तरीही त्या जागच्या हलल्या नाहीत.

"आता काय राहिलं?" साहेबांनी विचारलं.

"तो तक्ता. तुमचा कागद सांगतो आम्ही बियाणं करतो, तुमची भिंत सांगते नुसतं घेतो. दोन्हींवर शिक्का तुमचाच. पुढच्या वर्षी दुसरे साहेब येतील, ते भिंत वाचतील आणि मला पुन्हा हाकलतील."

"तो वरून आलाय, मावशी. त्याला हात लावता येत नाही."

"हा निकालही वरच जाणार आहे," मी म्हणालो. आवाज माझाच होता. या वेळी माफी मागायची राहून गेली.

नमुन्यांवर क्रमांक घालायचं जाड काळं पेन माझ्या खिशात होतं. मी आतलं स्टूल आणलं. टायवाल्याने न सांगता ते धरलं. साहेब म्हणाले, "फेरमोजणी, खाली उतरा," आणि मग एवढंच म्हणाले, "पडाल."

तिसऱ्या रकान्यातल्या पांढऱ्या जागेत मी लिहिलं : बियाणं तयार करणे, राखणे, देणे. ओळ उतरती झाली, शेवटचा शब्द चौकटीबाहेर गेला. छापील अक्षरांशेजारी ते फारच गबाळं दिसत होतं. पुसून नीट लिहावं म्हणून मी खालून ओला बोळा मागितला.

"राहू द्या," मावशी म्हणाल्या. "वाचता येतंय."