मानाच्या बैलाचं तेल

नाक धरा मित्रांनो, आणि मगच जवळ या. माझ्या अंगाला जळक्या तेलाचा वास येतो. एका पिवळ्या स्पोर्ट्स कारच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध बसवलेला लोखंडी गोळा म्हणजे मी. मला डिफरन्शियल म्हणतात. आता मी सिदू मेकॅनिकच्या दुकानामागे भंगारात पडलो आहे, पण माझ्या चांगल्या दिवसांत माझ्यावाचून ती गाडी एक वळण नीट घेऊ शकत नव्हती.

माझं काम समजून घ्यायचं असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना खळ्यावरची मळणी विचारा. मेढ्याजवळचा, म्हणजे मधल्या खांबाजवळचा, बैल जागच्या जागी फिरतो आणि कडेच्या बैलाला पळावं लागतं. गाडीच्या चाकांचंही वळणावर असंच होतं. कोणत्या चाकाला किती पळू द्यायचं, ते मी पाहतो. शिवाय माझ्या पोटात पातळ चकत्यांची एक चळत आहे. एक चाक चिखलात नुसतं गरगरू लागलं, की त्या चकत्या एकमेकींना धरतात आणि दुसऱ्या चाकाला जोर देतात. त्यांनी धरायचंही असतं आणि वेळेवर सोडायचंही असतं. ते सगळं तेलावर अवलंबून आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कण दिसला तरी माणसं कपाळाला आठ्या घालत. पुढे पुण्यातल्या एका हौशी मालकाने गाडी वापरली, विकली, आणि मी केज तालुक्यात अमरसिंह मालकांच्या वाड्यासमोर येऊन उभा राहिलो. युसूफ वडगावच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गाव. मालक पुढारी, ऊस भरपूर, ट्रॅक्टर दारात. हौसेला मोल नसतं म्हणतात. मालकांच्या हौसेला अक्कलही नव्हती. आल्या आल्या त्यांनी माझ्यात ट्रॅक्टरचं तेल ओतायला लावलं. दाट तेवढं दणकट, असं त्यांचं मत. काकवीसारखं ते तेल माझ्या चकत्यांना चिकटून बसलं. वळणावर गाडी कण्हायची, उड्या मारायची, आणि मालक म्हणायचे, परदेशी माल असाच नाजूक असतो. मला शिसारी यायची.

मला त्यातून सोडवलं त्यांच्या मुलीने, संस्कृतीने. शेतातल्या वाटांवर ट्रॅक्टर चालवून हात बसलेली ही मुलगी मोटारींच्या शर्यतीत उतरायचं म्हणत होती. तिने गाडीचं पुस्तक उघडून वाचलं. त्या घरात हे काम आधी कोणालाच सुचलं नव्हतं. गिअरचं तेल आणि इंजिनाचं तेल वेगळं असतं, थंडीत पातळ राहून तापल्यावरही टिकणारं पंचाहत्तर-नव्वद नंबरचं तेल मला लागतं, डब्यावर जड भाराच्या तेलाची जीएल-फाइव्ह ही खूण असावी लागते, आणि माझ्यासारख्या चकत्यावाल्यासाठी त्यात वेगळं औषध मिसळलेलं हवं, हे सगळं तिने शोधून काढलं. पुण्याहून तसा डबा आणला. गाडी थोडी फिरवून मला गरम केलं, जुनी घाण पूर्ण गळू दिली आणि बाजूच्या भोकातून तेल बाहेर डोकावेपर्यंत मला भरलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा गावच्या वळणावरून आवाज न करता गेलो. ती स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाली, "आता कसं गुमान चाललंय बघ." मित्रांनो, तेवढं कौतुक मला पुरलं.

पुण्यातल्या एका शर्यत-संघाचे प्रमुख होते प्रविण सर. त्यांनी तिला चाचणीला बोलावलं. नगरजवळच्या माळावर स्वतःची गाडी चालवून दाखवायची. त्यांना पटलं, तर संघात जागा. त्या जागेसाठी ती झोपेतही गिअर टाकत होती. चाचणी पोळ्यानंतर लगेचच होती. अर्ज आणि कागदपत्रांसाठी ती पुण्याला गेली आणि इकडे पोळा आला.

आता पुढचं ऐका. पोळ्याला वेशीतून पहिला जायचा मान मालकांच्या घरच्या बैलाचा. पण घरचे बैल त्याच वर्षी विकले होते. मान दुसऱ्या घराला जाणार, अशी कुजबुज पारावर सुरू झाली. मालक म्हणाले, "बैल इकले म्हनून मान इकला न्हाई आमी." आणि त्यांनी ठरवलं, की बैलाच्या जागी पिवळी गाडी जाईल. झालं! गाडीवर झूल आली, आरशांना गोंडे आले, बोनेटला बाशिंग आलं. एवढ्यावर थांबते तर मी हसून सोडून दिलं असतं. पण त्या घरची रीत अशी, की मानाच्या बैलाला आदल्या संध्याकाळी करडईचं तेल पाजायचं. रीत मोडायची नाही म्हणून मालकांनी सिदूला बोलावलं.

सिदूने गाडी वर उचलली. तेलाचं भोक कुठे आहे, हे त्याला ठाऊक होतं, आणि त्यात काय घालू नये, हेही. तो हळूच म्हणाला, "मालक, ताईनं यातलं तेल लई बघून आनलंय. ह्ये चालायचं न्हाई."

"बैलाला चालतं, आन् हिला न चालाया काय झालं बे? वत."

सिदूने पाना उचलला. आधी माझं तेल काढलं, कारण मी काठोकाठ भरलेला होतो. संस्कृतीने निवडून आणलेलं ते तेल घमेल्यात पडलं आणि घमेलं गोठ्याच्या नालीत उपडं झालं. मग करडईच्या तेलात चिमूटभर हळद कालवली गेली. ओतायला कशाने, तर बैलांना पाजायच्या बांबूच्या नळीने. तिच्या टोकाला वर्षानुवर्षांची वाळलेली लाळ होती. ती नळी माझ्या पोटात खुपसली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मोबाईल वर धरले. ओक येणं म्हणजे काय, ते मला त्या संध्याकाळी कळलं.

मान राहिला. गाडी वेशीतून पहिली गेली. दुसऱ्या दिवशी संस्कृती घरी आली, तेव्हा गाडीच्या पुढच्या दिव्यावर हळदीचं बोट तेवढं उरलं होतं. आबांनी, म्हणजे वडिलांनी, गाडी ओवाळली असं समजून तिने त्यावर हात टेकवला आणि तो कपाळाला लावला. तिला कोणी काही सांगितलं नाही. सिदूने मान खाली घातली. मालकांना तर सांगण्यासारखं काही घडलंय असंच वाटत नव्हतं.

नगरच्या वाटेवर मी कुईकुई करत होतो. तिने दोनदा उतरून टायर पाहिले. उशीर झाला होता, म्हणून निघाली. माळावर तिने पहिली वळणं अशी घेतली, की कडेला उभी माणसं पुढे सरकून पाहू लागली. पण माझ्यातल्या गिअरच्या दात्यांवर भार आला, की तिथे तेलाचा थर टिकायला हवा, आणि करडईचं तेल तिथे टिकत नाही. लोखंडाला लोखंड घासलं. भजी तळल्यासारखा वास सुटला, धूर निघाला, चकत्या करपल्या आणि गाडी मधोमध अडकून उभी राहिली.

प्रविण सरांनी बूच काढून बोट घातलं. बोटाला पिवळा, चिकट, करपट राप आला. त्यांनी विचारलं, हे तेल कोणी घातलं? करडईचा वास येताच संस्कृतीला घरची पोळ्याची रीत आठवली होती आणि सगळं उमगलं होतं. ती म्हणाली, मीच घातलं.

"गाडी तुला छान चालवता येते," ते म्हणाले. "पण आपल्या गाडीत काय घालतो, हे ज्याला कळत नाही, त्याच्या हाती मी माझी गाडी देत नाही."

गाडी टेम्पोवर घालून घरी आली. मालक धावतच आले. नवा भाग मागवतो म्हणाले, त्या संघाच्या माणसाशी बोलतो, वळक काढतो म्हणाले. ती म्हणाली, "नगं आबा. त्यांनी इचारलं तेल कोनी घातलं. मी म्हनले, मी."

"तू कावून तुझ्यावर घेतलंस?"

"आपल्या बापाची चार मानसांत शोभा कशी करू?"

मालक तिथेच ओट्यावर बसले. त्यांच्या मानासाठी मी जळलो, त्याचा राग मला होताच. पण तोच मान राखायला त्या मुलीने स्वतःचं नाव घालवलं, तेव्हा मला त्या मानाची खरी किळस आली. माझ्यातल्या करपट रापापेक्षाही जास्त.

मला काढून टाकलं. माझ्या जागी नवा डिफरन्शियल आला. त्याच्यासाठी मालकांनी स्वतः पुण्याला जाऊन डब्यावरचं अक्षर न् अक्षर वाचलं आणि बरोबर तेल आणलं. सिदू सांगतो, गाडी आता अगदी ठणठणीत आहे. किल्ली मात्र खुंटीला तशीच लटकते. संस्कृती ती घेत नाही आणि मालक तिला घे म्हणत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या यंत्राला ओवाळायचं तर खुशाल ओवाळा. पण त्याच्या पोटात काही ओतण्याआधी त्याला काय लागतं ते बघा. यंत्राला बोलता येत नाही, म्हणून त्याच्याबरोबर पुस्तक येतं. माणसाबरोबर पुस्तक येत नाही. त्याला विचारावं लागतं.