कपाशी घोडी आणि आबांचे पाच दिवस

मी एक म्हातारी घोडी आहे. मला चोवीस वर्षे झाली आहेत, म्हणजे माणसांच्या मानाने मी तुमच्या आजीच्या वयाची. रंगाने पांढरीशुभ्र, म्हणून माझे नाव कपाशी. सारंगखेड्यात तापीच्या पुलापासून थोड्या अंतरावर दिलवरसिंग आबांचे घर आहे. त्या घरामागे चार खांब, वर पत्रे आणि तीन बाजूंनी तुराट्यांचा कूड, एवढाच माझा तबेला. पण मित्रांनो, मला तो राजवाड्यासारखा वाटतो. बावीस वर्षे मी तिथे राहते आहे.

माझा जन्म मात्र इथला नाही. दोन वर्षांची असताना मला ट्रकमधून इथल्या दत्ताच्या यात्रेत विकायला आणले. शेकडो घोडे, धूळ, ढोल, माणसांचा गलबला. मी घाबरून मागचे पाय झाडत होते. कोणी जवळ येईना. तेव्हा डोक्याला रुमाल बांधलेला एक माणूस आला आणि काहीच न करता माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला. तो बराच वेळ तसाच उभा होता. शेवटी मीच मान पुढे केली. ते दिलवरसिंग आबा.

आबांनी मला चालीवर नाचायला शिकवले. पायात घुंगरू आणि पाठीवर जरीची झूल घालून मी शहाद्याला नाचले, दोंडाईच्याला नाचले, नंदुरबारला तर किती वराती केल्या त्याची गणती नाही. यात्रेतल्या नाचाच्या स्पर्धेत मी दोनदा पहिली आले. लोक माझ्या शेजारी उभे राहून फोटो काढत. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मला ते फार आवडे.

मग एका वरातीत माझा पुढचा गुडघा लचकला. नवरदेव पडला नाही, पण आबांनी तिथेच त्याला खाली उतरवले, माझे घुंगरू सोडले आणि मला चालवत घरी आणले. त्यानंतर मी कधी वरातीला गेले नाही. झूल पेटीत गेली. हळूहळू फोटो काढणारेही यायचे थांबले. सकाळ-संध्याकाळ माझ्याकडे येणारे एकटे आबाच उरले. भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा ते मला स्वतःच्या हाताने भरवत.

मी दुसऱ्या कोणाच्या हातचे खात नसे. मला त्याचा अभिमान होता. चार वर्षांपूर्वी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आबा तीन दिवस नंदुरबारला राहिले, तेव्हा मी तोंडात काडी घेतली नाही. तिसऱ्या दिवशी पोटशूळ उठला आणि मी जमिनीवर लोळू लागले. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी सुया दिल्या. आबा डोळ्यावर हिरवी पट्टी तशीच ठेवून रिक्षाने धावत आले. मी वाचले, पण त्या दिवसापासून आबा एक रात्रही बाहेर राहिले नाहीत. विसरवाडीला सख्ख्या भाचीचे लग्न होते. आबांनी अक्षता टाकल्या आणि जेवण न करता परत फिरले. मला वाटे, याला म्हणतात माया.

आबांचा मुलगा ललित याचे गावात ठिबकच्या नळ्यांचे दुकान आहे. यंदा त्याने खूप माल विकला, म्हणून कंपनीने त्याला परदेशाची सहल बक्षीस दिली. मार्च महिना होता. संध्याकाळी आबा मला खरारा करत होते, तेव्हा ललित मोबाइल नाचवतच तबेल्यात आला. त्याच्या मागे त्याची आई धनुबाई आणि बायको ममता होत्या.

"आबा, कंपनीनी टूर लागनी! दोन जनले. अलमाटीले."

"कोठे उनं ते?" आबांनी विचारले.

"कझाकस्तानमा. डोंगरना खाले शहर, वर बरफ. मे महिनामा जानं शे. पाच दिन."

त्याने मोबाइलवर चित्रे दाखवली. आबांनी चष्मा पुसून पाहिली. रुंद रस्ते पाहिले, बर्फ पाहिला, आणि मग ते एका चित्रावर थांबले. हिरव्या उतारावर घोडे चरत होते. खराऱ्याचा हात माझ्या मानेवर तसाच राहिला. तो हात मी बावीस वर्षे ओळखते, मित्रांनो. तो असा मध्येच कधी थांबत नाही.

ममताने ते पाहिले. ती नवऱ्याला म्हणाली, "मन्ही जागावर आबाले लई जा."

"आनि तू?"

"मी पुढला साल जासू. तठे घोडा शेतस. माले घोडास्नं काय?"

यावर आबा खराऱ्याचा हात भरभर चालवू लागले. "मी नही जावाव," ते म्हणाले. "कपाशी उपाशी मरी जाई."

"घोडी तुम्हीन बांधेल शे, का घोडीनी तुमले?" असे म्हणून धनुबाई आत निघून गेल्या.

सगळे गेल्यावर आबा माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "तठे पोरं चालाना पहिले घोडावर बसतस म्हने." बस, एवढेच. मग गुळाचा खडा दिला आणि दार लावले. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा माझ्या अभिमानाची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ममता तबेल्याच्या दारात उभी राहिली. ही नवलाची गोष्ट होती, कारण ममता मला भीत असे. ती नंदुरबारची, मिरची बाजाराजवळ वाढलेली. तिने घरात कधी जनावर पाहिले नव्हते. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने मोठ्या हौसेने मला गूळ देऊ केला. पण बोटांच्या चिमटीत धरून. गुळाबरोबर तिचे बोटही माझ्या दातांत आले. तेव्हापासून ती तबेल्यासमोरून जाताना भिंतीच्या कडेने जाई.

"आबा, माले शिकाडा," ती म्हणाली. "मी खावाडसू तिले."

"तुले तिनं भ्याव वाटस."

"वाटस. तरी शिकाडा."

आबांनी तिचा हात धरून उघडला आणि त्यावर हरभरे ठेवले. "हात ताटनामायक सपाट धर. बोटे जोडी ठेव. घोडाले सोताना तोंडसमोरनं दिसत नही."

तिने हात पुढे केला. मी तोंड फिरवले.

मित्रांनो, मी मुद्दाम फिरवले नाही. बावीस वर्षांची सवय अशी एका सकाळी सुटत नाही. वासच वेगळा होता. साबणाचा, कढीपत्त्याचा. तिने रोज यायचे ठरवले, आणि ती खरोखर रोज आली. आबा कुडामागे लपून बसत. पण त्यांच्या तंबाखूचा वास मला येई आणि मी तिकडेच मान वळवून उभी राही. ममता मग बादली पालथी घालून तिच्यावर बसे आणि मला सहलीची यादी वाचून दाखवी.

"सोटर दोन. कानटोपी. पायमोजा चार जोड. तिखट शेव. ठेचा, पन तेल कमी, नहीते बॅग खराब व्हई. आबाना दातनी डबी. कपाशी, तू सांग, आखो काय ऱ्हायनं?"

मी काय सांगणार? पण तिचा आवाज मला आवडू लागला.

इकडे आबांचा पासपोर्ट काढणे चालू होते. पासपोर्टच्या कचेरीत ठसे घेण्याच्या यंत्राला आबांच्या बोटांवर रेषाच सापडेनात. जन्मभर दोरखंड ओढून त्या पुसून गेल्या होत्या. आबा जवळजवळ खुशीनेच म्हणाले, "देख, देवबी नही म्हनस!" पण तिथल्या मुलीने ओल्या फडक्याने एकेक बोट पुसून घेतले आणि ठसे उमटले. मग चौकशीसाठी पोलीस घरी आला. त्याने विचारले, "आजोबा, परदेशात जायचं नक्की ना?" आबा म्हणाले, "घोडी खाई ते जासू, साहेब." पोलिसाने वही मिटली आणि तो मला बघायला तबेल्यात आला. बिचाऱ्याला वाटले असेल, यात काहीतरी कायद्याची भानगड आहे.

पासपोर्ट आला. तिकिटे आली. मे महिना पंधरा दिवसांवर आला, तरी मी ममताच्या हातचा एक दाणा खाल्ला नव्हता.

तेव्हा ममतानेच उपाय काढला. तिने आबांना दोन दिवस विसरवाडीला बहिणीकडे पाठवले. "इतलं जमनं, ते अलमाटीबी जमी," ती म्हणाली. आबा सकाळच्या गाडीने गेले. जाताना चार वेळा मागे वळून पाहिले.

दुपार गेली. ममता हरभरे घेऊन आली, मी तोंड फिरवले. संध्याकाळी आली, मी तोंड फिरवले. पाणी तेवढे प्याले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे पोट आत गेले होते. धनुबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"फोन लाव त्यास्ले," त्या म्हणाल्या. "मुकं जनावर शे. काई व्हयनं म्हंजे?"

ममता म्हणाली, "डॉक्टरले बलाई ठेयेल शे, माय. दहा वाजता येतीन. पन आज आबाले फोन लावा, ते आबा मंग कधीच कोठे जावाव नहीत."

"आनि घोडीनी नही खादं ते?"

"ते मी सोता आबाले घर लई येसू. मंग अलमाटी ऱ्हायनी."

धनुबाई गेल्या नाहीत. तिथेच खांबाला टेकून बसल्या. ममताने हरभऱ्यांवर गुळाचा खडा ठेवला आणि हात माझ्यासमोर धरला. या वेळी ती यादी वाचत नव्हती. हात भरून आला तेव्हा तिने दुसऱ्या हाताचा आधार दिला, पण मागे घेतला नाही. बोटावर माझ्या दातांचा जुना व्रण होता. ते बोट बाकीच्या बोटांपेक्षा जास्त कापत होते.

मी घोडी आहे, मित्रांनो. विमान काय आणि अलमाटी काय, मला कळत नाही. पण भीती मला कळते. यात्रेत ट्रकमधून उतरले तेव्हा मी तशीच कापत होते, आणि एक माणूस मी मान पुढे करेपर्यंत थांबला होता. इथे दीड महिना एक बाई माझ्यासाठी तशीच थांबली होती. मी मान खाली केली. ओठांनी, दात न लावता, आधी गूळ उचलला. मग हरभरे.

ममता ओरडली नाही की हसली नाही. तिने दुसरी मूठ भरली. धनुबाईंनी मात्र पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आते डॉक्टरले चहा करसू. काम ते काई ऱ्हायनं नही."

आबा विसरवाडीहून परतले तेव्हा मी चारा खात होते. त्यांनी माझ्या पोटावरून हात फिरवला, मग ममताच्या डोक्यावरून.

आणि आबा गेले! नवे जाकीट, नवे बूट, पाठीवर लाल पिशवी. मी पाच दिवस खाल्ले. पहिल्या दिवशी थोडे कमी, पण खाल्ले. तिसऱ्या दिवशी ममता मोबाइल हातात धरून धावत तबेल्यात आली. त्यातून आबांचा आवाज येत होता, "कपाशी, हाऊ घोडा देख! हाऊ देख!" मला काचेत काही दिसले नाही, पण ममताने सगळे सांगितले. शहराच्या वर डोंगरात आबा एका ठेंगण्या, जाड मानेच्या घोड्याजवळ उभे होते. शेजारी त्याचा मालक, आबांच्याच वयाचा. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. आबांनी घोड्याचा ओठ उचलून दातांवरून त्याचे वय ताडले आणि नऊ बोटे दाखवली. मालकाने मान हलवून दहा दाखवली. मग दोघेही हसले, आणि त्या माणसाने आबांना त्या घोड्यावर बसवले. कितीतरी वर्षांनी आबा घोड्यावर बसले होते. माझा गुडघा गेल्यापासून ते कोणावरच बसले नव्हते. हे मला तेव्हाच कळले.

ते परत आले तेव्हा माझ्या खाण्याची वेळ होती. फाटकाचा आवाज आला, मी कान वळवले. पण ममताच्या हातावर हरभरे होते, तोंडात घास होता. आबा दारात आले, हात पुढे केला आणि तसेच थांबले. क्षणभर त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

ममता हात मागे घेऊ लागली.

"खाऊ दे," आबा म्हणाले. "खाऊ दे तिले." आणि पिशवी खाली ठेवून ते पालथ्या बादलीवर बसले. माझे खाणे होईपर्यंत ते तिला बर्फाच्या गोष्टी सांगत होते. घास संपल्यावर मी त्यांच्या खांद्यावर मान ठेवली.

आता धनुबाई द्वारकेला जायचे म्हणतात. आबा नाही म्हणत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे म्हातारे जनावर असेल, किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस असेल, तर त्याला एकाच हाताची सवय लावू नका. दुसऱ्या हाताचीही ओळख होऊ द्या. त्याला वेळ लागेल, तो लागू द्या. आणि त्याच्यापाशी वर्षानुवर्षे बसून राहिलेले जे कोणी असेल, त्याच्याकडेही एकदा पाहा. त्याला म्हणा, "तू जाऊन ये. आम्ही आहोत इथे."