लेटिसची ओळ

ज्युडिथने कडव्याच्या मध्येच हात वर केला आणि साथीचं हार्पसिकॉर्ड थांबलं.

"कोण गातंय?"

वाजवणारे म्हातारे मिस्टर ट्रॅपनेल यांनी चष्म्यावरून रिकाम्या सभागृहाकडे पाहिलं. सकाळचे दहा वाजले होते. दुपारचा जलसा सुरू व्हायला अजून चार तास होते.

"तुम्हीच गात होता, मॅडम. इथे दुसरं कोण आहे?"

"मी थांबले तिथे. बारीक सुरात."

"माझ्या कानांना आता तुमचाच सूर ऐकू येतो हेच पुष्कळ समजा."

ज्युडिथ हसली नाही. हा प्रश्न तिने आज पहिल्यांदाच मोठ्याने विचारला होता. अकरा वर्षं तो तिने कुणाजवळ काढला नव्हता. लोक वेडी म्हणाले असते, आणि वेड्या गायिकेला इथे बाथ शहरातच काय, कुठल्या खेड्यातल्या जत्रेतही कुणी बोलावलं नसतं.

पेनरोज बहिणी दोघी होत्या. बाप गाडीची चाकं बनवायचा. थोरली ज्युडिथ सोळाव्या वर्षी लंडनला गेली आणि पाठोपाठ तिने धाकट्या लेटिसला तिथे नेलं. दोघींचं मेंढपाळणींचं गाणं एवढं गाजलं की दुकानांच्या काचांत त्यांची चित्रं लागली. पहिलं कडवं ज्युडिथचं. दुसऱ्या कडव्यात ज्युडिथ थांबायची, तिथे लेटिसची एक ओळ एकटीच यायची, आणि मग दोघींचे आवाज एकमेकींत मिसळायचे.

अकरा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, पडदा उघडायच्या आधी, लेटिस म्हणाली होती, "ज्यूड, पाय लटपटतायत गं. आज नको."

"थिएटर खचाखच भरलंय. एक गाणं म्हणायचं तर किती नखरे!"

लेटिस रंगमंचावर गेली. गाणं असं रंगलं की वरच्या सज्ज्यातल्या लोकांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. चौथ्या दिवशी तापाने ती गेली. "इतकी आजारी असती तर अशी गायली असती का ती?" हे वाक्य ज्युडिथ पाद्र्याला म्हणाली, आईला म्हणाली, आणि पुढे अंधारात छताकडे बघत स्वतःला म्हणत राहिली.

ते गाणं आता ती एकटी म्हणायची. लेटिसच्या ओळीची जागा रिकामी असे. आणि दर वेळी, त्याच जागी, डावीकडून एक बारीक सूर येई.

"मिस्टर ट्रॅपनेल, दुसरं कडवं पुन्हा घ्या."

ती गायली. थांबायची जागा आली तशी ती गायची थांबली, पण जागेवर उभी राहिली नाही. झपझप चालत डावीकडे गेली आणि पडदा ओढला.

हातावर शाल घेऊन हेस्टर नोक्स उभी होती. दोघी बहिणींचे कपडे आणि केस सांभाळण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. तिचं तोंड अर्धवट उघडं राहिलं.

"तू?"

"मीच, बाईसाहेब."

"अकरा वर्षं?"

हेस्टरने शालीची घडी मोडली, पुन्हा घातली.

"आधी रागानं. तुम्हाला ती विसरू द्यायची नव्हती. मग सवय झाली."

"तिचा आवाज काढतेस! लाज नाही वाटत?"

"तिचा कुठला? माझाच आवाज आहे हा." हेस्टरने पहिल्यांदा वर पाहिलं. "त्या दिवशी लेटिसबाईंना उभंसुद्धा राहवत नव्हतं. मला म्हणाल्या, हेस्टर, तुला सगळं पाठ आहे, मागून तू गा, मी नुसते ओठ हलवते. ज्यूडला सांगू नकोस, चिडेल. मी गायले. दोन्ही वेळा मीच."

ज्युडिथने पडद्याची कड धरली.

"मी तिच्या शेजारी उभी होते," ती म्हणाली.

"होय."

"मला कळलं नाही."



"मॅडम, पुढे जायचं का?" ट्रॅपनेल ओरडून विचारत होते.

ज्युडिथने तिकडे लक्ष न देता हळू आवाजात विचारलं, "तिचा खरा आवाज कसा होता गं? मला आठवतोय तो तुझा की तिचा?"

"ते मी कसं सांगू, बाईसाहेब?"

"आज गाऊ नकोस." ती वळली. "पण इथेच उभी राहा."

दुपारी सभागृह भरलं. ज्युडिथ शेवटी मेंढपाळणींचं गाणं गायला उभी राहिली. दुसऱ्या कडव्यात ती थांबली. डावीकडून काहीच आलं नाही. ट्रॅपनेलनी दोनदा सूर दिला, तरी ती लेटिसचा सूर आठवत ओठ मिटून उभीच. पुढच्या रांगेतल्या एका बाईने हातपंख्याआड शेजारणीला काहीतरी सांगितलं. कुणीतरी खाकरलं. मग ज्युडिथने शेवटच्या दोन ओळी म्हटल्या आणि वाकून नमस्कार केला.

आठवड्याच्या वर्तमानपत्रात छापून आलं, की मिस पेनरोज यांचा आवाज शाबूत असला तरी वयामुळे त्या आता गाणं विसरू लागल्या आहेत. हेस्टरने ते वाचून दाखवलं आणि संतापून म्हणाली, "खुलासा पाठवा ना त्यांना!"

"नको," ज्युडिथ म्हणाली. "बरोबरच लिहिलंय त्यांनी."